मिठाला वास नसतो

दिवाळी अंकासाठी मी खिम्याच्या वड्यांवर लिहीत आहे असे कळले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी हातातला चकलीचा सोऱ्या तसाच धरून माझ्याकडे पाहिले. “लोकांच्या घरी फराळाची ताटे मांडलेली असतील, आणि तुम्ही त्यांना मटण वाढणार?” त्या म्हणाल्या. आक्षेप बिनतोड होता. चकली, करंजी, अनारसे यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि ते माझ्यापेक्षा चांगले लिहितात. परंतु माणसाने आपल्याला जे येते त्यावर लिहावे, आणि मला स्वयंपाकातला हा एवढा एकच पदार्थ येतो. शाकाहारी वाचकांनी वाटल्यास ही पाने उलटावीत. मात्र त्यापूर्वी एक सांगून ठेवतो. या वड्या मला जिने शिकवल्या ती स्वतः त्या खात नव्हती. खाणे दूरच, त्यांच्या भांड्यालाही तिचा हात लागत नव्हता. ती माझी आई. गळ्यात तुळशीची माळ असलेली वारकरीण.

आमचे गाव ढोकी. जिल्हा उस्मानाबाद; २०२३ पासून धाराशिव. कुर्डुवाडीहून बार्शीवरून लातूरला जाणारी अरुंद रुळांची छोटी गाडी आमच्या गावी थांबायची आणि पुष्कळदा थांबूनच राहायची. शेजारी तेर, म्हणजे गोरोबाकाकांचे गाव. त्यामुळे टाळमृदंगाचा नाद आमच्या कानांवर पाळण्यापासूनच पडलेला. आणि दुसऱ्या अंगाला तुळजापूरची भवानी, जिच्यापुढे महानवमीला अजाबळी पडतो. विठोबाला तुळस आणि भवानीला बोकड अशी दोन राज्ये आमच्याकडे एकाच माळवदाखाली नांदत. त्यात आमच्या मुलखाची शेळी प्रसिद्ध. काळीभोर, उंच पायांची, काटेकुटे खाऊन दुष्काळातही तग धरणारी ही उस्मानाबादी शेळी देशभर नावाने ओळखली जाते. जिल्ह्याचे नाव बदलले, शेळीचे बदलल्याचे अजून ऐकिवात नाही.

माळ घालण्यापूर्वी आईच्या खिम्याच्या वड्यांचा साऱ्या भावकीत बोलबाला होता. ही विद्या मूळची तिची नव्हे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मुलाण्याचे घर होते. गावात बोकड कापायचा तो मुलाण्यानेच, आणि त्याबद्दल त्याचा वाटा ठरलेला. त्याची म्हातारी आई साऱ्या गल्लीची आजी होती. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्य गेले, पण हैदराबादचा शामी कबाब काही राज्याबरोबर गेला नाही. आजी खिमा आणि हरभऱ्याची डाळ एकत्र शिजवून, पाट्यावर वाटून, त्याच्या चापट वड्या करीत असे. आईने त्या पाहिल्या आणि घरी येऊन त्यांत आपली अक्कल चालवली. तिने डाळ काढली, खिमा कच्चाच ठेवला, आणि त्याला धरून ठेवायला येसूर घातला.

येसूर म्हणजे काय हे पुण्यामुंबईच्या वाचकांना सांगायला हवे. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने असे जिन्नस वेगवेगळे खमंग भाजायचे, त्यांत खडा मसाला घालायचा आणि सगळे दळून डब्यात भरून ठेवायचे. रश्शाला दाटपणा आणि भाजका वास यावा म्हणून आमच्याकडे तो मटणाला लावतात. आईने तो कोरडाच खिम्यात मळला. धान्य आधीच भाजलेले, त्यामुळे कच्ची चव राहायची नाही, आणि मटणाला सुटलेला रस तेच पिऊन घ्यायचे. साहेब लोक सॉसेजचा खिमा आतड्यात न भरता नुसता थापून तव्यावर टाकतात, असे मी पुढे बँकेत नोकरीला लागल्यावर ऐकले. त्यांची ती टिक्की आणि आमची वडी या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी नक्कीच आहेत.

१९६४ साली, मी नऊ वर्षांचा असताना, मला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस मी अंथरुणावर होतो म्हणतात. मला स्वतःला त्यातले माळवदाच्या लाकडाला चिकटलेले कोळ्याचे जाळे तेवढे आठवते. मी बरा झालो. त्याच वर्षी कार्तिकीला आई पंढरपूरला गेली आणि गळ्यात माळ घालून आली. गावातल्या कितीतरी बायका जात आणि माळ घालून येत. मला त्यात विशेष काही वाटले नाही. विशेष वाटले ते एवढेच की, घरातून खिमा नाहीसा झाला.

पाच-सहा महिने अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तोंडातून शब्द काढला नाही. पण आखाड जवळ आला. श्रावण लागण्यापूर्वी आमच्याकडे घरोघरी मटण शिजते. त्या दिवसांत संध्याकाळी गल्लीतून चालणे हा एक छळच असतो. अण्णा दोन-तीन संध्याकाळी गल्लीतून नुसतेच फिरून आले. मग आईनेच विषय काढला. “मी सोडलं म्हनून घरानं सोडावं असं कुठं हाय? चूल तेवढी भाईर मांडा म्हनावं.”

‘म्हणावं’ हा शब्द नीट ऐकावा. आई अण्णांशी थेट बोलत नसे. त्या काळी आमच्याकडे तशी रीत होती. बोलणे व्हायचे ते मुलाच्या मार्फत, मग तो मुलगा दोघांच्या मधोमध बसलेला असला तरी. थोरली अक्का लग्नाला आलेली, तिला हे निरोप न्यायला लाज वाटे. म्हणून टपालखाते माझ्याकडे होते.

परसात लिंबाखाली तीन दगडांची चूल मांडली. वेगळा तवा, वेगळे पातेले, वेगळी परात. अण्णांनी आयुष्यात चहासुद्धा केलेला नव्हता. त्यांनी पहिल्या दिवशी नुसता लाल खिमा घेतला, त्यात ओला कांदा चिरून घातला, मूठभर तिखट टाकले आणि वड्या थापून तव्यावर सोडल्या. दोन मिनिटांत वड्यांचे पिठले झाले. आम्ही ते ‘छान झालंय’ म्हणून खाल्ले. आई ओसरीच्या खांबाला टेकून वाती वळीत बसली होती. ती काही बोलली नाही. पण पुढच्या खेपेला सकाळीच तिने मला जवळ बोलावले.

“त्यास्नी म्हनावं, आज माझं ऐकून करा.”

ओसरीपासून लिंबापर्यंत माझी वीस पावले होती. त्या वीस पावलांवर मी ही पाककृती शिकलो, तीही धावत.

“तीन वाटे मटन आन एक वाटा चरबी घ्याया सांग. निस्तं लाल घेतलं की वडीचा धोंडा हुतो.” मी धावलो. अण्णा म्हणाले, “चरबी घेतलीया म्हनावं.” मी परत धावलो. “बारीक चिरा म्हनावं, चेचू नका. आन ओल्या फडक्याखाली गार ठिवा. हाताच्या उबेनं चरबी वितळली की वडी तव्यावर फुटती.” “कांदा इस्तवात भाजून घ्या. कच्चा घातला की पानी सुटतंय.” “आधी मीठ, मग मळा, मग मसाला. उलटं करू नका.”

या शेवटच्या आज्ञेचे कारण मला पुढे पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात वाचून कळले. मिठाने मांसातली प्रथिने सुटतात आणि मळता मळता त्यांचा चिकट लगदा होतो. तोच सगळ्याला बांधून ठेवतो. मीठ मागाहून घातले तर हे नीट होत नाही आणि वडी भुगा होते. आईला प्रथिने माहीत नव्हती. तिची परीक्षा साधी होती. खिम्याचा गोळा तळहातावर चापट थापायचा आणि हात उलटा करायचा. गोळा पडला तर अजून मळा; चिकटून राहिला तर झाले. अण्णा हात उलटा करून उभे राहायचे, मी ओसरीवरून ओरडायचो, “पडला!” आणि आई वाती वळता वळता म्हणायची, “मळा म्हनावं.”

मग मसाला. काळे तिखट, लसूण, भाजलेले खोबरे, थोडी खसखस, कोथिंबीर आणि येसूर. दगडफूल काळ्या तिखटात असतेच, पण आई चिमूटभर वेगळे भाजून घालायला सांगे. हे सगळे मिसळले की अख्खी वडी थापायची नाही. सुपारीएवढा गोळा काढून, चपटा करून, करडईच्या तेलात तव्यावर टाकायचा. कच्चे मटण जिभेला लावायचे नाही हे तर आहेच. पण त्याहून मोठे कारण असे की, कच्च्या मसाल्याचा आणि तव्यावरच्या मसाल्याचा काही संबंध नसतो. मुलगी आणि सून जशी एकच बाई असते, तशीच ही गोष्ट.

तो सुपारीएवढा तुकडा तव्यावर चुरचुरू लागला की आईची कामगिरी सुरू व्हायची. वारा तिच्या बाजूला असला तर ती ओसरीवरूनच सांगे. नसला तर उठून परसाच्या दारापर्यंत येई. तिथे पदर सावरून, डोळे मिटून उभी राही. “लसून कच्चा हाय.” “खोबरं जरा करपलंय, तिखट वाढवा, झाकून जाईल.” “धन्याचाच वास लई येतोय, दगडफूल घाला.” तिचे एकदाही चुकले नाही. आमचे चुलते या कौतुकासाठी मुद्दाम येऊन बसत. विठोबाने माळकऱ्याची जीभ मागितली आहे, नाक मागितलेले नाही, असे ते म्हणत. आई हसत असे.

पण या सगळ्यात एक अडचण होती. मिठाला वास नसतो.

लवंग, मिरे, लसूण हे सगळे वाऱ्यावर स्वार होऊन वीस पावले चालत येतात. मीठ येत नाही. ते जिभेवर यावे लागते. आणि आईची जीभ तर तिने देऊन टाकलेली. अण्णांची जीभ तंबाखूने केव्हाच निकामी झालेली. त्यांना समुद्राचे पाणी दिले असते तरी त्यांनी ‘बरं हाय’ म्हटले असते. राहता राहिलो मी.

“मीठ कसं हाय?” आईने पहिल्या वेळी विचारले.

“चांगलंय.”

“चांगलं म्हंजी?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हा तिने मला मिठाची भाषा शिकवली. कोणत्याही पाककृतीच्या पुस्तकात मी ती अजून पाहिलेली नाही. खारटपणा जिभेच्या शेंड्यावर लागतो की गालात? शेंड्यावर टोचला तर मीठ नुसते वरवर लागले आहे, अजून मळायला हवे. गालात पाणी सुटले तर बरोबर. गिळल्यावर काय होते? दुसरा घास घ्यावासा वाटतो की तांब्या शोधावासा? आणि तुकडा नुसता खाल्लास की भाकरीबरोबर? नुसता खाल्ला असेल तर परत जा. ज्वारीच्या भाकरीत मीठ नसते. वडीतल्या मिठाने भाकरीलाही पुरले पाहिजे. त्यामुळे माझ्या एका हातात नेहमी भाकरीचा कोर असे. गरम तुकडा चाखलास की निवल्यावर? उरलेल्या वड्या सकाळी गार खायच्या असतील तर मसाल्याचा हात थोडा वाढता हवा, कारण गार अन्नाचा स्वाद दबून जातो.

दहा-अकरा वर्षांचा मी असल्या प्रश्नांना उभा राहून उत्तरे देई, आणि ती माझ्या तोंडाकडे टक लावून पाही. त्या पाहण्यात काय होते हे मला तेव्हा कळत नव्हते.

१९६७ च्या आखाडात अक्काच्या सासरची माणसे आली. लग्न होऊन तिला तीनच महिने झाले होते. सासरे, दोन दीर आणि त्यांचे एक मामा. सासरचे पाहुणे पहिल्यांदाच मटणाला येणार म्हटल्यावर अण्णांनी दोन शेर खिमा आणला होता. नेमकी त्याच दिवशी गावात कुस्त्यांची दंगल होती आणि माझे सगळे सवंगडी केव्हाच गेले होते. माझे पाय परसात आणि जीव आखाड्यात होता.

आईने सांगितले, “शेराला दीड तोळा, म्हंजी तीन तोळे मीठ घालाया सांग.” मी निरोप दिला. अण्णांनी मीठ घातले. थोड्या वेळाने आईने विचारले, “मीठ घातलं का म्हनावं?” मी लिंबाखाली जाऊन नुसते “मीठ घाला म्हणतीया” असे सांगितले आणि अण्णांनी मुकाट्याने आणखी तीन तोळे घातले. आईचा शब्द प्रमाण मानून ते स्वयंपाक करीत होते. त्यांचा यात काय दोष? मग सुपारीएवढा तुकडा तळला गेला. तो मी भाकरीशिवाय, जवळजवळ न चावता गिळला, आणि परसाच्या दारातून ओरडलो, “बरोबर हाय! गालात लागतंय!” आणि पळालो.

दंगल पाहून परत आलो तेव्हा पाहुणे जेवून उठले होते. कोणी काही बोलले नव्हते. सासरकडच्या माणसांनी व्याह्याच्या घरी जेवणाला नाव ठेवायचे नसते, आणि ती माणसे चांगली होती. वड्यांचा ढीग मात्र जवळजवळ तसाच होता. आई रिकामा हंडा उपडा घालीत होती. तिने चव घेतलेली नव्हती, घेणारही नव्हती. पण पाहुण्यांचा तांब्या आपण किती वेळा भरला हे तिने मोजले होते. तिला सगळे कळले होते.

अण्णांना ती काही बोलली नाही. पाहुणे स्टेशनकडे निघाले तेव्हा अक्काच्या सासऱ्यांसमोर दारात उभी राहून तिने पदर पुढे घेतला आणि म्हणाली, “आज माझ्या हातानं मीठ जास्ती पडलं, पोटात घाला.” तिच्या हाताने! ज्या भांड्याला तिच्या बोटाचा स्पर्श झाला नव्हता, त्या भांड्यातले मीठ तिने आपल्या हातावर घेतले.

रात्री तिने मला जवळ घेतले. मार पडणार म्हणून मी अंग चोरून बसलो. ती म्हणाली, “शाळंत खोटं बोल, अण्णांशी बोल, माझ्याशी पैशाचं खोटं बोल. पर मिठाचं खोटं बोलू नगं, बाबा. मला दुसरी जीभ न्हाई.”

त्या दिवसापासून घरात एक नियम झाला. मीठ घालण्यापूर्वी ओंजळभर खिमा बाजूला काढून ठेवायचा. खारट झाले तर तो मिसळायचा, न झाले तर शेवटी त्यालाही मीठ लावून वड्या करायच्या. इतका साधा उपाय. पण त्याच्यासाठी आधी एक सोयरीक पणाला लावावी लागली.

पुढे मी लातूरला कॉलेजात गेलो. १९७४ च्या उन्हाळ्यात आत्याकडे गेलो असताना तिने बोलता बोलता सांगून टाकले, “तुज्या तापात अठराव्या दिवशी वैद्यानं हात टेकले. तवा तुज्या आईनं पांडुरंगाला बोलली, पोरगं उठलं तर मला जे सगळ्यात आवडतंय ते सोडीन.” आत्या सुपारी कातरीत होती. तिच्या दृष्टीने हे सगळ्यांना माहीत असलेले होते. मला माहीत नव्हते. आणि मग मला एकदम आठवले की, मी सहा-सात वर्षांचा असताना तव्यावरची पहिली वडी आई स्वतः खायची. अर्धी मोडून, फुंकून, डोळे मिटून. बाकी सगळे आम्हाला वाढणारी ही बाई ती पहिली वडी मात्र कोणाला देत नसे.

मी घरी आलो आणि मटण सोडले. वीस वर्षांच्या मुलाला असे काही केले की आपण फार थोर आहोत असे वाटते. आखाडात अण्णांनी ताट पुढे केले तेव्हा मी ते सरकवले आणि म्हणालो, “मी आता खात नाही.” कारण विचारल्यावर, जरा घसा दाटून वगैरे, सांगितले.

मला वाटले होते आई डोळ्यांना पदर लावील. ती भडकली. इतकी चिडलेली मी तिला आधी किंवा नंतर कधी पाहिली नाही. “मी माळ घातली ती तू जगावंस, खावंस, हिंडावंस म्हनून. तूच न्हाई खाल्लंस तर मी काय सोडलं? कुनासाठी सोडलं? देवाशी माझा सौदा झालाय, त्यात तू मधी पडू नगं.” आणि मग नेहमीच्या आवाजात, “जा, बग मीठ कसं हाय ते.”

मी उठलो, परसात गेलो आणि तुकडा भाकरीबरोबर खाल्ला. मीठ बरोबर होते. सांगायला परत आलो तेव्हा बोलता येईना, म्हणून गालावर बोट ठेवून दाखवले. तिने मान डोलावली.

१९८६ ते ८८ ही दोन वर्षे बँकेने मला गोव्यात, म्हापशाला टाकले होते. तिथल्या शुक्रवारच्या बाजारात मी पहिल्यांदा गोव्याचे सॉसेज पाहिले. लोक त्याला चोरीस म्हणतात. डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ, तांबडी मिरची, लसूण, मसाले आणि माडाच्या व्हिनेगरमध्ये मुरवून आतड्यात भरायचे, जागोजाग दोऱ्याने आवळायचे, आणि उन्हात किंवा चुलीच्या धुरावर सुकवायचे. मासेमारी बंद असलेल्या पावसाळ्याची ती बेगमी. बाजारात ते लाल मण्यांसारखे दोरीला ओवून टांगलेले असते, आणि त्याला म्हणतात माळ! त्या माळा पाहून मला आईची आठवण झाली आणि मी तिथेच बाजारात दोन्ही कान पकडले. ज्या घरात मी राहत होतो तिथली म्हातारी बाई मसाला मुरवल्यावर एक तुकडा तव्यावर टाकून चाखत असे. तिला विचारले, हे कशासाठी? ती म्हणाली, “मीठ पळोवंक.” मीठ पाहायला. सॉसेज या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला मिठाचाच शब्द आहे, हेही मला तिथे एका पाद्रीबाबांनी सांगितले.

घरच्या पत्रात मी या सगळ्याचे वर्णन मोठ्या कौतुकाने लिहिले. मांस वाळवून ठेवतात म्हणजे केवढे नवल! नवल कसले, माझ्या स्वतःच्या गावात गावकुसाबाहेरच्या वस्तीत दोऱ्यांवर चान्या वाळत असायच्या. मांसाच्या लांब पट्ट्या मीठ लावून उन्हात टाकायच्या आणि पुढे महिनोन्‌महिने पुरवायच्या. आम्हा मुलांना त्या बाजूला जायला बंदी होती, म्हणून मला ते पाहायला म्हापशाला जावे लागले. आमच्याच जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची हकीकत मांडली. ते वाचताना मला फार ओशाळल्यासारखे झाले. आमच्या घरी मटण ही आखाडातली चैन होती. तिकडे मिठाचा हिशोब पोटाचा होता.

असो. सौभाग्यवती १९७९ साली घरात आल्या त्या कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ घेऊन. वाटी-चमच्याचे माप त्यांच्या अंगात मुरलेले. आईचे तोळे त्यांना चालेनात. त्यांनी तराजू आणून एका वहीत सगळे ग्रॅममध्ये लिहून काढले: भाकरीबरोबर खायचे तर किलोला अठरा ग्रॅम मीठ, पावाबरोबर खायचे तर पंधरा. आईने ती वही उलटीपालटी करून पाहिली. तिला वाचता येत नव्हते. म्हणाली, “झ्याक हाय. पर चाखायला कोन हाय ते बी लिव.”

अण्णा १९९८ मध्ये गेले. लिंबाखालची चूल माझ्याकडे आली आणि निरोप्याचे काम माझ्या मुलाकडे. आता आईला मुलाशी बोलायला मध्यस्थ लागत नव्हता, तरी ती नातवाच्या मार्फतच सांगे, “त्याला म्हनावं, खोबरं करपायलंय.” २०११ च्या वैशाखात ती गेली. शेवटच्या आखाडात तिला ओसरीवरून परसापर्यंत चालवत नव्हते. आम्ही तवाच ओसरीच्या पायरीपर्यंत आणून दाखवला. तिने वास घेतला आणि लसूण कच्चा असल्याचे सांगितले. होताच.

निवृत्तीनंतर मी ढोकीला परतलो आहे. छोटी गाडी जाऊन मोठी आली. खिमा आता यंत्रातून येतो. मी तो फ्रीजमध्ये थंड करूनच मळतो. वड्या थापताना मध्ये बोटाने खळगी पाडतो, कारण तव्यावर त्या आक्रसून फुगतात. आत लालसर दिसली तर पुन्हा तव्यावर. खिमा होताना वरची घाण आतपर्यंत मिसळते, म्हणून तो मटणाच्या फोडीपेक्षा जपून, आतपर्यंत शिजवावा लागतो. परंतु २०१९ साली डॉक्टरांनी माझा रक्तदाब पाहिला आणि माझ्या ताटातले मीठ काढून घेतले. कोणाच्या नवसासाठी नव्हे, नुसत्या औषधाच्या चिठ्ठीवर. बिनमिठाचे खाता खाता माझी जीभ अशी झाली आहे की, दोन कण पडले तरी मला ते खारट लागते. दुसऱ्यासाठी मीठ घालायला मी नालायक ठरलो.

गेल्या दिवाळीत भाऊबीज झाल्यावर पुण्याची मंडळी म्हणाली, फराळ पुरे झाला, आता वड्या करा. सौभाग्यवतींच्या वहीप्रमाणे मीठ तोलून घातले. हात उलटा केला, गोळा चिकटून राहिला. तुकडा तळला आणि दहा वर्षांच्या नातीला हाक मारली. ती अंगणात फुलबाजीची तार हलवीत उभी होती. तिला परत जायची घाई होती हे दिसतच होते. मी तिच्या हातात भाकरीचा कोर दिला.

“नीट सांग. जिभेच्या शेंड्यावर लागतंय की गालात?”

तिने चावले. पुन्हा चावले. अंगणाकडे एकदा पाहिले. मग तार खाली ठेवून तिने दुसरा घास घेतला आणि विचार करीत उभी राहिली.

“आजोबा, पाणी प्यावंसं वाटतंय,” ती म्हणाली.

बाजूला काढून ठेवलेला ओंजळभर बिनमिठाचा खिमा मी परातीत घातला आणि पुन्हा मळायला बसलो.